अक्षर क्रमांक २८०९

संगणकाच्या लेखी गुजराती ‘क’ म्हणजे २७०९ आणि मराठी ‘क’ म्हणजे २३२५. दोहोंतलं अंतर ३८४. ‘ख’ घ्या, ‘म’ घ्या, ‘ह’ घ्या. मराठी अक्षराच्या क्रमांकात ३८४ मिळवले की त्याच उच्चाराचं गुजराती अक्षर हाती येतं. मुंबईत फोर्ट भागातल्या एका छोट्या कचेरीत गुजराती पुस्तकांची जुळणी करण्यात ज्यांची नोकरीची बहुतेक वर्षं गेली, त्या एका मराठी बाईंना असे बरेच क्रमांक तोंडपाठ आहेत. पाठ करायचे म्हणून त्यांनी ते केले नाहीत. पडद्यावर अक्षर बरोबर दिसत असतं आणि तरीही आत काहीतरी बिघडलेलं असतं, तेव्हा आत डोकावून क्रमांक बघण्यावाचून दुसरा इलाज नसतो. बघता बघता ते डोक्यात बसले.

हे ३८४ कुठून आले, ते सांगायला त्यांना फार आवडतं. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला आणि खुणेला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तीत प्रमुख भारतीय लिप्यांना प्रत्येकी १२८ जागा मिळाल्या. देवनागरीच्या २३०४ पासून, मग बंगालीच्या, मग गुरुमुखीच्या आणि २६८८ पासून गुजरातीच्या. देवनागरीपासून गुजरातीपर्यंत यायचं तर १२८ तीनदा मोजायचे; झाले ३८४. गिरगावातल्या चाळीत एका मजल्यावर जिन्याला लागून जी खोली असते, तिच्याच डोक्यावर वरच्या मजल्यावरची जिन्यालगतची खोली असते. तसा प्रत्येक लिपीचा ‘क’ आपापल्या मजल्यावर त्याच जागी बसवलेला आहे.

ही मांडणी युनिकोडने आपल्याच इस्की या प्रमाणकावरून उचलली, त्याच्या १९८८ सालच्या आवृत्तीवरून. इस्कीत तर सगळ्या लिप्यांचा ‘क’ एकच होता. १९९१च्या भारतीय मानकात त्याचा क्रमांक १७९. लिपी कुठली, ते वेगळ्या खुणेनं सांगायचं. तोच मजकूर हवा तर मराठीत पाहा, हवा तर गुजरातीत. उच्चारावर उभी असलेली ही कल्पना देखणी होती, पण मुंबईतल्या कागदपत्रांत एकाच ओळीत दोन लिप्या येतात. मराठी नाव, गुजराती पत्ता, मध्ये इंग्रजी आकडे. अशा ठिकाणी प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा, कायमचा क्रमांक असणंच बरं. बाईंचं मत स्पष्ट आहे: युनिकोडने लिप्या वेगळ्या केल्या ते योग्यच केलं, आणि वेगळ्या करताना जागा सारख्या ठेवल्या ते त्याहून योग्य केलं.

बाई गिरगावच्याच. शेजारी गुजराती कुटुंबं, त्यामुळे लिपी वाचता येत होती. पुढे कामानं भाषाही आली. टंकलेखन त्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिकल्या. हा कळफलकही उच्चारावर बेतलेला. मराठीत ‘क’ ज्या कळीवर, गुजरातीत ‘क’ त्याच कळीवर. काना, मात्रा, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. त्यामुळे मराठी टंकलेखन येणारी व्यक्ती पहिल्या दिवसापासून गुजरातीचा मजकूर हातावेगळा करू शकते. गुजरातीत काना तो ‘कानो’, अनुस्वार ते ‘मींडुं’, मुळाक्षरांची रांग तो ‘कक्को’. डोक्यावरची रेघ मात्र नाही. ती नसल्यानं गुजराती शब्द एकेका अक्षराने सुटा उभा राहतो आणि मुद्रितं तपासताना डोळ्याला वेगळी सवय लावावी लागते.

फोर्टात गुजराती जुळणी चालावी याला मोठी परंपरा आहे. गुजराती अक्षरांचे खिळे पहिल्यांदा वापरले गेले ते याच शहरात. १७९७ मध्ये ‘बॉम्बे कुरियर’मध्ये गुजराती लिपीतली जाहिरात छापली गेली, तिचे खिळे बेहरामजी जीजीभाई छापगर या पारशी गृहस्थांनी पाडले होते. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू केला. तो आजही निघतो. त्याआधी ही लिपी मुख्यतः पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या वह्यांची होती. ग्रंथ लिहायचे तर देवनागरीत. आपल्याकडे मोडी आणि बाळबोध यांची जी वाटणी होती, तीच. फरक इतकाच की छापखाना आल्यावर आपण बाळबोध धरली आणि मोडी सोडली, गुजरात्यांनी आपली वहीतली लिपी छापखान्यात नेली.

खिळ्यांच्या काळातली एक गोष्ट मात्र संगणकात उलटी झाली, आणि बाईंच्या कामातली निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. खिळे जुळवणारा कारागीर जे दिसायचं ते त्याच क्रमानं लावत जाई. डावीकडून उजवीकडे, जसं दिसतं तसं. १९९० च्या दशकात डीटीपी आलं तेव्हाचे गुजराती फॉन्टही याच रीतीचे. एलएमजी अरुण, गोपिका, टेराफॉन्ट वरुण ही त्यातली घरोघरी माहीत असलेली नावं. या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी गुजराती आकार बसवले. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत, माणसाला दिसे गुजराती. प्रत्येक फॉन्टची वाटणी निराळी, एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की गाळीव गोंधळ. छपाईपुरतं ते पुरेसं होतं. विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये श्रुती हा युनिकोड फॉन्ट साध्या संगणकांवर आला, तेव्हा कुठे गुजराती अक्षरं गुजराती म्हणून संगणकाच्या ओळखीची झाली. तोवर वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या रीतीनं साठवला गेला होता.

तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम बाईंकडे आलं. काय करावं लागतं ते समजून घ्यायला एकच शब्द बघू: मूर्ति. गुजरातीत तो पहिल्या वेलांटीनं लिहितात.

जुन्या फॉन्टात हा शब्द असा ठेवलेला असतो: म, दुसरा उकार, पहिली वेलांटी, त, आणि शेवटी रफार. डोळ्याला जसं दिसतं अगदी तसं. वेलांटी ‘त’च्या डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार ‘त’च्या डोक्यावर बसतो म्हणून सर्वांत शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. म २७३४, दुसरा उकार २७५४, मग र २७३६, पाय मोडायची खूण २७६५, मग त २७२४ आणि शेवटी पहिली वेलांटी २७५१. म्हणजे रूपांतर करताना वेलांटीला ‘त’च्या उजवीकडे न्यायचं आणि रफाराला ‘र’ करून ‘त’च्या डावीकडे आणायचं. दोन खुणा, एकाच अक्षराभोवती, उलट्या दिशांनी. ‘शक्ति’ असेल तर वेलांटीनं ‘क्त’ हे अख्खं जोडाक्षर ओलांडायचं, नुसता ‘क’ नव्हे.

रूपांतराची आज्ञावली अर्धवट असली की वेलांटी हलते आणि रफार राहतो जागच्या जागी. मग ‘मूर्ति’चं होतं ‘मूतिर्’. मराठी-हिंदी वर्तमानपत्रांच्या जुन्या पानांवर ‘आथिर्क’, ‘वाषिर्क’, ‘धामिर्क’ असले शब्द ज्यांनी वाचले असतील, त्यांना हा आजार ओळखीचा वाटेल. तो छपाईचा दोष नाही, लिहिणाऱ्याचं अज्ञानही नाही. दोन खुणांना उलट दिशांना न्यायचं होतं, त्यातली एक हलवायची राहिली. बाईंच्या कचेरीत रूपांतरानंतरचा पहिला शोध कायम एकच असतो: वेलांटीनंतर लगेच आलेला मोडका ‘र’. असं रूप सापडलं की ते तपासून बघायचं, कारण ‘निर्णय’सारख्या शब्दांत ते बरोबरच असतं.

मुद्रितात ‘मूतिर्’ निदान खटकतो. त्याहून वाईट प्रकार खटकतच नाही.

गुजरातीत ‘एक’ हा शब्द घ्या. गुजराती ‘ए’ हे अक्षर दिसायला ‘अ’वर मात्रा दिल्यासारखंच आहे. लिपीची रूढ घडणच तशी. आता टंकलेखन करणाऱ्यानं ‘अ’ दाबून त्यावर मात्रा दिली, तर पुष्कळ जुन्या फॉन्टांत आणि उपकरणांत तो हुबेहूब ‘ए’च दिसे. आत मात्र २७०३ हा एक क्रमांक असायला हवा तिथे २६९३ आणि २७५९ असे दोन बसलेले. वाचणाऱ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘एक’ शोधायला गेलात तर निम्मे सापडतील, निम्मे नाहीत. आणि युनिकोडमध्ये समान रूपं आपोआप एकत्र आणायची जी सोय आहे, ती या जोडीला लागू होत नाही. युनिकोडच्या ग्रंथात ही जोडी वापरू नका म्हणून स्पष्ट तक्ताच दिला आहे. आजचे बरेच ब्राउझर ती दिसली की मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दाखवून हटकतात. पण त्याआधी साठवलेल्या मजकुरात ती जागोजाग दडलेली असते.

इथे मराठी वाचकाला सावरकरांची लिपिशुद्धी आठवेल. ‘अि’, ‘अी’, ‘अु’, ‘अे’ अशी स्वरचिन्हं त्यांनी सुचवली आणि स्वतः वापरली. सातारला जन्मलेले आणि गांधीजींनी ज्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं ते काका कालेलकर, त्यांनीही नागरी लिपीच्या सुधारणेत ‘अ’ची बाराखडी पुढे आणली. कालेलकर ज्या लिपीत आयुष्यभर लिहीत होते, तिच्यात ‘ए’ आणि ‘ओ’ मुळातच ‘अ’वरून घडलेले होते. क्रमांकांच्या दृष्टीनं मात्र दोन्ही लिप्यांत मोठा फरक पडतो. सावरकरांचं लेखन संगणकावर आणायचं तर ‘अे’ हे ‘अ’ आणि मात्रा असंच टंकायचं, तेच बरोबर. कारण देवनागरीत ‘अे’ आणि ‘ए’ दिसायलाही वेगळे. गुजरातीत तीच जोडी चुकीची, कारण त्या दिसण्याला स्वतःचा क्रमांक आधीच दिलेला आहे.

अंतर ३८४चं असल्यामुळे मराठी मजकूर गुजराती लिपीत न्यायचा मोह अनेकांना होतो. मुंबईत नावांच्या याद्या, पाट्या, निमंत्रणं यांसाठी अशी मागणी येते. तरुण मुलं दोन ओळींची आज्ञावली लिहितात, प्रत्येक क्रमांकात ३८४ मिळवतात आणि काम झालं म्हणतात. बहुतेक झालेलं असतंही. मग ‘वाऱ्यावर’ येतो. आपला ‘ऱ्य’मधला ‘ऱ’ देवनागरीत २३५३. त्यात ३८४ मिळवले की २७३७, आणि गुजरातीत ती जागा रिकामी आहे. तिथे कुणी राहतच नाही. पडद्यावर चौकोन येतो. ‘ॲ’चंही तसंच. मराठी ‘ॲ’ला २००८ मध्ये २४१८ हा क्रमांक मिळाला, त्यात ३८४ मिळवून येणारा २८०२ गुजरातीत मोकळा. गुजराती ‘ॲ’ आहे २७०१ वर, म्हणजे हिंदीवाले जो ‘ऍ’ लिहितात त्याच्या समोर. आणि गंमत अशी की दिसायला तो आपल्या ‘ॲ’सारखाच, ‘अ’वर चंद्र दिलेला. जागा हिंदीची, चेहरा मराठीचा. ‘ॲडव्होकेट’ किंवा ‘ॲम्ब्युलन्स’ लिहिलेली पाटी नुसत्या बेरजेनं गुजरातीत जाणार नाही, एवढं पाटी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं.

गुजरातीच्या १२८ जागांपैकी आज ९१ भरलेल्या आहेत. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ त्यांत नाहीत, कारण त्यांना स्वतंत्र क्रमांकच नाही. ‘क्ष’ म्हणजे २७०९, २७६५, २७४३: क, मोडका पाय, ष. तीन क्रमांक एकत्र आले की त्यांचा एक आकार करायचा, हे फॉन्टचं काम. शाळेतल्या कक्कोत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, क्रमांकांत तो ‘ल’च्या लगेच पुढे, २७३९ वर. म्हणून सूची नुसत्या क्रमांकांनी लावली तर गुजराती शिक्षकाला ती पटत नाही. तेव्हा क्रमाचे नियम वेगळे द्यावे लागतात.

क्रमांक ठरला की तो साठवायचा कसा, हा पुढचा टप्पा. सध्या सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत भारतीय अक्षराचे तीन तुकडे होतात, प्रत्येक तुकडा २५५ च्या आतली एक संख्या. मराठी ‘क’चे तुकडे २२४, १६४, १४९. गुजराती ‘क’चे २२४, १७०, १४९. पहिला तोच, तिसरा तोच, मधला तेवढा वेगळा. उच्चार एक, लिपी वेगळी, हे तीन संख्यांत इतकं उघड दिसतं की नव्यानं आलेल्या मुलांना बाई हेच आधी दाखवतात.

या तुकड्यांचा उपयोग मजकूर बिघडल्यावर कळतो. कुठल्यातरी जुन्या यंत्रणेनं हे तुकडे पाश्चात्त्य युरोपीय अक्षरं समजून वाचले की पडद्यावर विचित्र रांग उमटते. डोक्यावर तिरकी रेघ दिलेला छोटा रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो. तो २२४. त्याच्या पाठीला येनच्या चलनाची खूण किंवा चार काटे फुटलेलं छोटं वर्तुळ दिसलं तर मूळ मजकूर देवनागरी. वर चढवलेला बारीक ‘ए’ किंवा दुहेरी कोनाचं अवतरणचिन्ह दिसलं तर गुजराती. ग्राहक वैतागून म्हणतो, सगळं गेलं. बाई कागद बघून सांगतात, काही गेलेलं नाही, हे गुजराती आहे आणि परत येईल. तुकडे शाबूत आहेत, वाचणाऱ्यानं चुकीचा चष्मा लावला आहे एवढंच. पण त्याच जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर तो मजकूर खरोखर गेला. एका टप्प्यावर यंत्रणेनं न समजलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवलेलं असतं, मूळ संख्या कुठेच उरत नाहीत. अशा वेळी मूळ कागद शोधण्याला पर्याय नाही.

बाईंच्या हातून गेलेल्या कामांत त्यांनी सर्वांत जीव लावून केलं ते पारशी प्रार्थनापुस्तकाचं. अवेस्ता ही झरथुष्ट्री धर्मग्रंथांची भाषा. तिची लिपी वेगळी, उजवीकडून डावीकडे जाणारी; तिला युनिकोडमध्ये २००९ मध्ये जागा मिळाली. पण मुंबईत, नवसारीत, उदवाड्यात घराघरांतून ‘खोर्देह अवेस्ता’ म्हणजे रोजच्या प्रार्थना वाचल्या जातात त्या पिढ्यान्‌पिढ्या गुजराती लिपीतून. कावसजी एदलजी कांगा यांची अर्थासह आवृत्ती त्यांत विशेष ओळखीची. प्रार्थना ही उच्चारासाठी असते. अर्थ माहीत नसला तरी आवाज अचूक हवा, ही त्यामागची श्रद्धा. आणि अवेस्तात एक आवाज असा आहे की जो गुजरातीत नाही, मराठीतही नाही: इंग्रजी ‘ट्रेझर’ आणि ‘व्हिजन’ या शब्दांच्या मधोमध येतो तो. ‘झाड’मधला नव्हे, ‘झेंडा’मधलाही नव्हे. अझि दहाक हा अवेस्तातला सर्परूपी राक्षस, पुढे शाहनाम्यात जो झह्हाक होऊन येतो. त्याच्या नावातला ‘झ’ हा असा. त्यासाठी गुजराती प्रार्थनापुस्तकांत साध्या ‘झ’हून वेगळं अक्षर लागतं.

त्या पुस्तकाची जुनी फाइल रूपांतर होऊन आली तेव्हा पडद्यावर सगळं गुजराती नीट दिसत होतं. मुद्रितं वाचायला एक वयस्क एरवद, म्हणजे पारशी धर्मगुरू, यायचे. ते डोळ्यांनी वाचत नसत, हलक्या आवाजात म्हणत जात. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, “दीकरा, आ अक्षर खोटो छे.” बाई म्हणाल्या, “एरवदसाहेब, हा झ बरोबर दिसतोय की.” त्यांनी आपलं जीर्ण छापील पुस्तक उघडून तोच शब्द दाखवला. तिथे वेगळं अक्षर होतं. जुन्या फॉन्टात ते एका विरामचिन्हाच्या जागी बसवलेलं असणार. रूपांतर करणाऱ्यांना त्याची ओळख पटली नाही आणि सगळीकडे साधा ‘झ’, २७१७, बसला.

या प्रसंगाचं गांभीर्य बाहेरच्याला चटकन कळत नाही. दोन वेगळी अक्षरं एकदा एकाच क्रमांकात मिसळली की संगणक ती पुन्हा वेगळी करू शकत नाही. ‘सगळे झ बदला’ अशी आज्ञा देता येत नाही, कारण त्यांतले पुष्कळ खरेच ‘झ’ आहेत. मग छापील पुस्तक एका हाताशी, एरवद शेजारी, आणि प्रत्येक ‘झ’पाशी थांबायचं.

या अक्षराला युनिकोडमध्ये क्रमांक होता का? होता. देवनागरीत याच अवेस्ता उच्चारासाठी २००९ मध्ये २४२५ क्रमांकाचं अक्षर आलं होतं. गुजरातीत ते २०१५ मध्ये, आठव्या आवृत्तीत आलं. क्रमांक २८०९. वजाबाकी करून बघा: ३८४. इतक्या वर्षांनी भरलेली जागाही चाळीच्या नकाशाप्रमाणेच, देवनागरीतल्या जोडीदाराच्या बरोबर समोर ठेवली गेली. असा क्रमांक मागायला कुणीही प्रस्ताव पाठवू शकतं, पण नुसतं ‘आम्हाला हवं’ म्हणून भागत नाही. अक्षर छापील पुस्तकांत खरोखर वापरलं जातं, दुसऱ्या अक्षरापेक्षा वेगळं म्हणून वापरलं जातं, याचे पानोपानीचे पुरावे जोडावे लागतात. एकदा दिलेला क्रमांक मात्र पुन्हा कधी काढून घेत नाहीत, हलवत नाहीत. युनिकोडचा तसा नियमच आहे.

क्रमांक असला तरी आकार लागतो. पुस्तकासाठी ठरलेल्या फॉन्टात २८०९ नव्हता, तिथे रिकामा चौकोन दिसू लागला. कुणीतरी सुचवलं, ‘झ’खाली नुक्ता देऊन टाका, वाचणारे समजून घेतील. नुक्त्याला क्रमांक आहे, २७४८. दिसायलाही चालून गेलं असतं. बाईंनी ते मान्य केलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. उद्या कुणी या प्रार्थना शोधील, दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघील, त्यांचं उच्चारण संगणकाला शिकवील. त्या वेळी नुक्त्याचा ‘झ’ म्हणजे पुन्हा नवी भेसळ. त्यांनी २८०९चा आकार असलेला दुसरा फॉन्ट शोधला, तेवढ्या अक्षरापुरता तो लावला, जाडी आणि उंची मूळ अक्षराशी जुळवत बसल्या. पान मोठं करून बघितलं तर अक्षर किंचित परकं वाटतं. पण आतला क्रमांक खरा आहे.

गुजरातीच्या याच भागात, २८१० ते २८१५ या शेवटच्या सहा जागांवर, २०१७ मध्ये आणखी खुणा आल्या: सुकून, शद्दा, मद्दा आणि अक्षरावर द्यायचे तीन प्रकारचे नुक्ते. इस्माइली खोजा समाजात अरबी मजकूर गुजराती लिपीत लिहिताना त्या लागतात. पारशी आणि खोजा, दोन्ही समाजांची प्रार्थनेची भाषा वेगळी, हाताशी असलेली लिपी एकच. आणि त्या लिपीनं दोघांसाठी जागा केली. आपल्या मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. म्हणजे मोडी कागदांचं लिप्यंतर करणाऱ्यांपुढेही आता हाच प्रश्न येणार आहे: दिसतं ते टंकायचं, की आहे ते?

गुजराती असो वा मराठी, जुन्या फॉन्टांतल्या फायली अजून पुष्कळ घरांत आणि संस्थांत पडून आहेत. ज्ञातीच्या वंशावळी, देवळांच्या स्मरणिका, आजोबांचं आत्मचरित्र, मासिकांचे अंक. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्या आजच उघडून बघाव्यात. कोणत्या फॉन्टात आहेत ते नाव लिहून ठेवा, त्या फॉन्टची फाइल मजकुराबरोबरच जपा, एक छापील प्रत काढा आणि मगच रूपांतराला द्या. रूपांतर होऊन आलं की आधी वेलांटीनंतरचे मोडके ‘र’ शोधा, मग छापील प्रत समोर ठेवून ती मोठ्यानं वाचायला त्या मजकुराशी लहानपणापासून ओळख असलेलं माणूस बसवा. मूळ फाइल मात्र, नवी कितीही चांगली झाली तरी, पुसून टाकू नका.